कादंबरीत कोण हवं, कोण नको: एका गुऱ्हाळघराची पात्रयादी

प्रश्न थोडक्यात असा. करवीर तालुक्यात, चिखलीच्या आसपासचं नदीकाठचं गाव. तिथं एका कुटुंबाचं गुऱ्हाळघर. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापुरात उभा ऊस बुडाला. बाप वर्षापूर्वी वारला आहे. थोरल्याला दिवाळीनंतर चुलवाण (उसाचा रस उकळायची भट्टी) पुन्हा पेटवायचं आहे, धाकट्याला जमीन विकून मोकळं व्हायचं आहे. खर्डा निम्मा झालाय, पात्रं एकतीस झालीत आणि आता कोण कशासाठी आहे तेच लिहिणाऱ्याला कळेना. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, आणि ते ठरवायचं कसं?

तुमची यादी वाचली की पहिल्यांदा जाणवतं ते हे, की ही गावाची यादी आहे. तलाठी आहे, शाळेचे हेडमास्तर आहेत, दूध संस्थेचा सचिव आहे, पैलवान मित्र आहे, नावेतून माणसं काढणारा जवान आहे, प्लॉटिंगवाला बिल्डर आहे, तीन चुलत्या आहेत. गावात ही माणसं असतातच. पण गावात असणं आणि कादंबरीत लागणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कादंबरीत माणूस लागतो तो कुणाच्या तरी निर्णयाच्या आड येतो म्हणून, तो निर्णय शक्य करतो म्हणून किंवा त्याची किंमत मोजतो म्हणून. उरलेले सगळे गर्दीत उभे राहू शकतात, आणि गर्दीला नाव लागत नाही.

म्हणून यादी बाजूला ठेवा आणि आधी कादंबरीचा प्रश्न एका वाक्यात लिहा. तुमचा प्रश्न माझ्या वाचनात असा येतो: थोरला यंदा चुलवाण पेटवू शकेल का, आणि त्यासाठी तो कुणाकुणाला दुखावेल? पहिल्या अर्ध्या वाक्यातून कथानक येतं, पात्रं येतात ती दुसऱ्या अर्ध्यातून. बरेच जण पहिल्या अर्ध्यावर थांबतात. मग नायक एकटा धडपडत राहतो आणि बाकीचे त्याला शुभेच्छा देत किंवा टोमणे मारत काठावर उभे असतात.

वाक्य पक्कं झालं की एकच चाळणी लावा. थोरल्याच्या मनातल्या गोष्टीला ‘नाही’ म्हणायची ताकद खरोखर कुणाकडे आहे? मत सगळ्यांकडे असतं, ताकद थोड्यांकडे. गुऱ्हाळ सुरू करायला पैसा लागतो, जमीन लागते, कसब लागतं आणि घरातल्यांची साथ लागते. या चारांपैकी एखादी गोष्ट ज्याच्या हातात आहे, तो तुमचं पात्र.

याच चाळणीतून तुमच्या यादीतली सगळ्यात दुर्लक्षित व्यक्ती वर येते: गडहिंग्लजला दिलेली बहीण. सध्या ती दोन प्रसंगांत आहे, एकदा बापाच्या दिवसाला रडते आणि एकदा फोनवर पुराची चौकशी करते. पण बाप वारल्यावर वारसनोंद झाली की सातबाऱ्यावर तिचंही नाव लागतं. 2005 च्या कायदेदुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. म्हणजे धाकट्याला जमीन विकायची असेल तर तिची सही लागणार, आणि थोरल्याला ती राखायची असेल तर बहिणीनं हक्क सोडावा असं त्याला वाटणार. दोन्ही भावांना तिची गरज आहे आणि दोघांनीही तिला आजवर काही विचारलेलं नाही. आपल्याकडं ‘बहीण काय, सही करील की’ असं गृहीत धरून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्र करून घेतात. तुमच्या कादंबरीत तिनं फक्त एवढंच म्हणायचं की मी विचार करून सांगते. त्या एका वाक्यानं मधली शंभर पानं ताणली जातात.

आता तिला स्वतःची काही गरज द्या, आणि ती भावांच्या भांडणाशी थेट जोडलेली नसू द्या. नवऱ्याचं दुकान चालत नसेल, मुलीच्या शिक्षणाला पैसे हवे असतील किंवा आजवर माहेरी कुणी तिचं मत विचारलं नाही हेच तिला खुपत असेल. यातलं एक घ्या, तिन्ही घालू नका. पात्राला तीन गरजा दिल्या की एकही खरी वाटत नाही.

तुमच्या यादीतल्या बहुतेक बायका नात्यापुरत्या आहेत: आई, वहिनी, बहीण, चुलती. हा दोष पहिल्या कादंबऱ्यांत फार दिसतो आणि तो तपासायला सोपा आहे. तिच्या प्रसंगातून पुरुष पात्राला बाहेर काढा. मागे तिच्यापाशी काही काम, काही इच्छा उरते का ते पाहा. उरत नसेल तर एक तर ती इच्छा शोधा, नाही तर तिला गर्दीत जाऊ द्या.

विरोधकाबद्दल. तुम्ही विरोधकाची जागा पुराला दिली आहे आणि मदतीला बिल्डर घेतला आहे. पूर विरोधक होत नाही. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडते, 2019 ला ती 55 फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. हे सगळं कादंबरीवर प्रचंड दाब आणतं. पण नदीला समजावता येत नाही, फसवता येत नाही, तिचं मन बदलत नाही. पाणी उतरलं की तिचं काम संपतं आणि तुमच्या हातात अजून दोनशे पानं असतात. पुरानं प्रत्येकाची जुनी अडचण वर आणायची आणि पुढचा झगडा माणसांवर सोपवायचा.

बिल्डरचं वेगळंच आहे. तो वस्तुस्थितीतच बसत नाही. नदीकाठची जी जमीन निळ्या पूररेषेच्या आत येते तिथं बांधकामाला परवानगी मिळत नाही. मग नुकत्याच बुडालेल्या शेतावर तो प्लॉट कशाला पाडेल? कोल्हापूरचा वाचक हे पहिल्या दहा पानांत विचारणार. पात्राचं काम तपासताना त्याच्या धंद्याचं गणित तपासणं म्हणूनच गरजेचं असतं. जमीन घ्यायला इथं खरा उत्सुक माणूस कोण असेल, तर बांधाला बांध लागून असलेला चुलता. त्याला सलग तुकडा हवा आहे, पाण्याची सोय त्याच्याकडं आहे, भाव पाडून मागायला पुराचं निमित्त आहे, आणि तो रोज समोर दिसतो. बिल्डर काढा, चुलत्याला त्याचं काम द्या. तीन चुलत्यांतली त्याची बायको तेवढी राहील, बाकी दोघी आपोआप गळतील.

खरा विरोधक मात्र धाकटा भाऊच. आणि तो बरोबर असला पाहिजे. हे मी आग्रहानं सांगतो, कारण तुमच्या खर्ड्यात धाकटा आळशी, उधळ्या आणि बायकोच्या मुठीत असलेला दाखवला आहे. अशा माणसाशी भांडताना थोरल्याला काहीच गमवावं लागत नाही. धाकट्याच्या तोंडी घालायची वाक्यं आधी त्याचा वकील होऊन लिहून काढा: पूर पुन्हा येणार, गुळाला भाव नाही, मजूर मिळत नाहीत, बापानं कर्ज करून ठेवलंय, आपली पोरं इथं राहणार नाहीत. ही पाच वाक्यं वाचून तुम्हाला स्वतःलाच क्षणभर ‘विकून टाकावं’ असं वाटलं पाहिजे. वाटलं नाही तर धाकटा अजून तयार झालेला नाही.

पुढचं काम पात्रं एकत्र करण्याचं, आणि कादंबरी खऱ्या अर्थानं इथंच सुधारते. व्लादिमिर प्रॉप या रशियन अभ्यासकानं 1928 साली रशियन अद्भुतकथांमधल्या भूमिका सातात बसवून दाखवल्या: खलनायक, दाता, मदतनीस, राजकन्या आणि तिचा बाप, धाडणारा, नायक, तोतया नायक. ही यादी कादंबरीवर साचा म्हणून बसवायला जाऊ नका. पण त्यातलं एक निरीक्षण जन्मभर उपयोगी पडतं: भूमिका आणि माणूस यांची संख्या सारखी नसते. एक माणूस अनेक भूमिका वठवू शकतो, एक भूमिका अनेकांत वाटली जाऊ शकते.

तुमच्याकडे शाहूपुरीतला अडत्या (गुळाचा दलाल) आहे, ज्यानं हंगामाआधी उचल दिली आहे. वेगळा खाजगी सावकार आहे. आणि आईचा भाऊ, म्हणजे मामा आहे, तो अधूनमधून येऊन सल्ला देतो. तिघांचं थोरल्याशी नातं एकच: पैशाच्या किंवा मोठेपणाच्या जोरावर त्याला वाकवणं. तिघांना एक करा. मामाचंच शाहूपुरीत गुळाचं अडत दुकान आहे, बापानं त्याच्याकडून उचल घेतली होती आणि ती फिटलेली नाही. लगेच काय होतं बघा. भाऊबीजेला मामा बहिणीकडं येणारच. पाटावर बसणार, ओवाळून घेणार, ताटात नोट टाकणार.

“खातं बघाय न्हाई आलो आज. भणीकडं आलोय,” म्हणत मामानं पिशवी पायाशी सरकवली.

आईनं निरांजन खाली ठेवलं. “मग पिशवी कशाला आणलीस?”

सावकार वेगळा ठेवला असता तर याच गोष्टीला दोन पानं लागली असती, आणि आई त्या खोलीत नसती. एकत्र केल्यावर उसाची उचल, बहिणीची माया आणि भाच्याचा अपमान एका पिशवीत आले. पात्रं जोडताना हेच बघायचं असतं: जोडल्यावर माणसाच्या आत दोन दिशांची ओढ तयार होते का? झाली तर जोड पक्की. नुसताच माणूस जास्त कामाचा झाला, ओढ काही तयार झाली नाही, तर जोड कामचलाऊ आहे.

तशीच दुसरी जोड पैलवानाची. मोतीबाग, गंगावेश या तालमी, खासबागचं मैदान, तांबडी माती, हे कोल्हापूरवर लिहिणाऱ्याला सोडवत नाही, आणि सोडावं असंही नाही. पण थोरल्याचा पैलवान मित्र सध्या फक्त कोल्हापूर दाखवायला आला आहे. प्रत्येक वेळी दूध पितो, एक शहाणपणाचं वाक्य बोलतो आणि जातो. धाकट्यालाच पैलवान करा. तालमीत राहायला होता, वस्तादांचा लाडका पठ्ठा होता, गुडघा गेला आणि परत आला. मग वाटणीच्या बैठकीत थोरला म्हणू शकतो की तुझ्या खुराकाला, बदामाला, थंडाईला याच काहिलीतला (रस उकळायच्या मोठ्या कढईतला) पैसा गेला. आणि धाकटा म्हणू शकतो की मी कुस्ती मागितली नव्हती, आबाला, म्हणजे बापाला, गावात फेटा बांधून मिरवायचं होतं. स्थानिक रंग भांडणाच्या कामाला लागला की तो शोभेचा वाटत नाही.

मात्र काही पात्रं जोडू नयेत. एकाच प्रसंगात समोरासमोर भांडायला हवीत अशी दोन माणसं जोडता येत नाहीत, हे उघडच आहे. त्याहून महत्त्वाचं, ज्यांची सामाजिक जागा वेगळी आहे त्यांना सोयीसाठी एक करू नका. खर्ड्यात एका ठिकाणी तुम्ही टिपण केलं आहे की ‘गुळव्या काढून थोरलाच गूळ करतो असं दाखवू का?’ अजिबात नको. गुळव्या, म्हणजे रोजावर गूळ करणारा कारागीर, हे तुमच्या कादंबरीचं सोनं आहे.

काहिलीजवळचा तो क्षण आठवा. रस उकळून आटत आलाय, मळी काढून झालीय, खाली चुलवाणात चिपाडं पडतायत. गुळव्या पाण्यात बोटं बुडवून उकळत्या पाकाचा थेंब उचलतो, गार पाण्यात धरतो, बोटांत गोळी फिरवून बघतो. थोडी घाई झाली तर गूळ बसत नाही, थोडा उशीर झाला तर काळवंडतो. त्या वेळी जाळ वाढव, जाळ ओढ, काहील उतरवा हे तो सांगतो आणि मालकही मुकाट ऐकतो. रोजावरचा माणूस मालकाला हुकूम देतो असा हा एकच क्षण, आणि काहील उतरली की उतरंड पुन्हा पहिल्यासारखी. हे नातं थोरल्यात मुरवून टाकलंत तर कादंबरीतून कष्टकऱ्याची बाजूच नाहीशी होईल.

शिवाय त्याच्याकडे ‘नाही’ म्हणायची ताकद आहे. बुडालेल्या उसाचा रस हलका, त्याचा गूळ नीट धरत नाही, हे घरात कुणालाच ऐकायचं नाही आणि खरं काय ते त्यालाच माहीत. मामा सुचवणार की साखर मिसळा, ढेप बसेल, रंग येईल, सौद्यात कुणी विचारत नाही. इथं थोरल्याची परीक्षा आहे, पण साखरेचं पोतं काहिलीत रिकामं करायचं ते गुळव्याच्या हातानं. त्यानं नकार दिला तर त्याचा हंगाम बुडतो. हा प्रसंग तुमच्या यादीतल्या सगळ्या जुन्या पात्रांतूनच निघाला. त्यासाठी नवा माणूस लागला नाही.

कुणाच्या नजरेतून सांगायचं हा प्रश्न पात्रनिवडीशीच बांधलेला आहे. सध्या तुम्ही सर्वज्ञ निवेदक घेतला आहे आणि दर दोन पानांनी तो थांबून चरक, काहील, वाफा म्हणजे काय ते समजावतो. त्यापेक्षा धाकटी सून घ्या. तिचं माहेर इचलकरंजीत, यंत्रमागाच्या घरातलं करा. मागाचा खडखडाट, पाळ्या, आठवड्याचा पगार हे तिला रक्तात माहीत, गुऱ्हाळ मात्र नवं. ती विचारेल, चुकेल, तिला कुणी तरी सांगेल, आणि वाचक तिच्याबरोबर शिकेल. तिचा स्वार्थ नवऱ्याच्या बाजूला आहे, जमीन विकली तर ती सुटणार आहे, पण तिला हळूहळू काहिलीचा लळा लागतोय. नजर द्यावी ती अशा माणसाला, ज्याचं मत कादंबरीभर बदलू शकतं. थोरल्याचं मत बदलणार नाही, म्हणून तो मध्यवर्ती राहू दे, पण नजर त्याची नको.

थोरल्याचा मित्र संज्या काढून टाका. त्याला एकच काम आहे, ऐकणं. चहाच्या गाड्यावर थोरला मन मोकळं करतो, संज्या मान डोलावतो. ऐकण्यासाठी नेमलेलं पात्र प्रसंगाचा जीव घेतं, कारण बोलणाऱ्याला काही धोका नसतो. मनातलं सांगायचंच असेल तर अशा माणसाला सांगू द्या जो ते उद्या वापरू शकतो. थोरल्यानं एका रात्री धाकट्या सुनेसमोर मामाच्या उचलीचा आकडा बोलून टाकला, तर वाटणीच्या बैठकीपर्यंत तो आकडा टांगती तलवार होऊन राहील.

वारलेल्या बापाबद्दल थोडंच. मेलेलं पात्रही पात्रच असतं, पण फ्लॅशबॅकची प्रकरणं त्याला लागत नाहीत. त्याच्या हातची उचलीची वही पुरे. तिच्यात काय लिहिलंय यापेक्षा ती कुणाच्या कपाटात आहे, हे पुनःपुन्हा बदलू द्या.

तलाठी, हेडमास्तर, सचिव, नावेतला जवान, डॉक्टर यांना हुद्द्यानंच राहू द्या. “तलाठ्यानं पंचनाम्याचा कागद पुढं केला” एवढ्यानं काम होतं. तलाठ्याला नाव, मिशी, गुटख्याची सवय आणि आजारी आई दिलीत की वाचक त्याची वाट बघत बसतो आणि तो परत येत नाही. पारावरची किंवा तालमीच्या कट्ट्यावरची माणसं समूह म्हणून वापरा. त्यातल्या एकाला फार तर टोपणनाव द्या, म्हणजे समूहाला तोंड मिळेल. राजर्षी शाहू महाराजांना स्वप्नात आणून थोरल्याशी बोलायला लावलंय, तो प्रसंग काढावा असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांच्याबद्दल वाचकाच्या मनात आधीच इतकं प्रेम आहे, त्यांच्या तोंडी आपली वाक्यं घातली की नायकाच्या निर्णयाचं वजन उसनं वाटतं.

संख्या किती असावी, असं तुम्ही विचारलं आहे. सत्तर-ऐंशी हजार शब्दांच्या पहिल्या कादंबरीला एक मध्यवर्ती माणूस, स्वतःची इच्छा असलेले पाच ते सात, आणि नाव असलेले पण कामापुरते येणारे आठ-दहा पुरतात. तुमच्या हिशेबानं थोरला. मग धाकटा, बहीण, मामा, गुळव्या, धाकटी सून, आई. दुसऱ्या फळीत चुलता, त्याची बायको, थोरल्याची बायको, बहिणीचा नवरा, चुलवाणावरचा पोरगा. बारा झाले. एकतीसवरून बारावर आल्यावर कादंबरी रिकामी वाटेल अशी भीती असते. प्रत्यक्षात उलट होतं, कारण तीच माणसं पुनःपुन्हा वेगळ्या कारणानं एकमेकांसमोर येतात.

यातली थोरल्याची बायको मला अजून नीट दिसत नाही. ती घरात आहे, पण तिच्या हातात काय आहे? चार महिने रोजावरच्या माणसांचं जेवण तिच्या चुलीवर होत असेल, तर तिनं हात वर केले की गुऱ्हाळ थांबतं. तसं असेल तर ती पहिल्या फळीत यायला हवी. हे तुम्हीच ठरवा.

आता हे सगळं खर्ड्यावर तपासायचं कसं ते. आडवा मोठा कागद घ्या किंवा एक्सेल उघडा. डावीकडं एकाखाली एक प्रसंग लिहा, प्रत्येकी पाच-सहा शब्दांत. वरच्या ओळीत पात्रांची नावं. पात्र त्या प्रसंगात नुसतं हजर असेल तर टिंब द्या. त्याच्या बोलण्यानं किंवा कृतीनं प्रसंगाचा शेवट बदलला असेल तर फुली मारा. फुली मारताना स्वतःशी कडक राहा. रडला, चिडला, आठवण काढली, याला फुली नाही.

मग आधी उभे स्तंभ वाचा. सगळी टिंबंच असलेलं पात्र गर्दीत जातं. एक-दोनच फुल्या असलेलं पात्र दुसऱ्या कुणात मिसळता येतं का बघा. दोन पात्रांच्या फुल्या कायम एकाच प्रसंगांत आणि एकाच बाजूला पडत असतील तर ते बहुधा एकच माणूस आहेत. एखाद्या स्तंभात दहा-बारा प्रसंगांची पोकळी असेल तर तेवढ्यात वाचक त्याला विसरलेला असतो. परत आणताना नावाबरोबर त्याची जुनी खूण द्या, जसं बहिणीच्या बाबतीत ‘विचार करून सांगते’ हे वाक्य. आडव्या ओळीही वाचा. एकही फुली नसलेला प्रसंग माहिती देतोय, घडत नाही. आणि एका प्रसंगात पाचापेक्षा जास्त फुल्या पडल्या तर तिथं गोंधळ आहे. तुमची वाटणीची बैठक अशीच आहे, नऊ जण बोलतात आणि कुणाचंच ऐकू येत नाही. दोन्ही भाऊ, मामा आणि आई एवढीच खोलीत ठेवा, धाकटी सून दाराआड, बाकीच्यांना अंगणात बसवा. एक महत्त्वाचा इशारा: शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात थोरल्याच्या स्तंभात फुल्या कमी आणि टिंबं जास्त दिसली, तर त्याचे निर्णय दुसरेच घेतायत. मग शेवट कितीही चांगला लिहा, तो त्याचा वाटणार नाही.

नावांकडे वेगळं लक्ष द्या, कारण कोल्हापूरच्या घरात हा घोळ हमखास होतो. तुमच्या पहिल्या प्रकरणात आबा, आप्पा, आण्णा, आक्का आणि आई अशी पाच माणसं एकाच स्वरानं सुरू होतात. आपल्याला सवय आहे, वाचक मात्र चाळिसाव्या पानावर मागं उलटून बघतो. बापाला आबा राहू द्या, आईला आईच. चुलत्याला तात्या करा, थोरल्या बहिणीला ‘आक्का’ऐवजी तिच्या नावानं हाक मारू द्या. पहिलं अक्षर वेगळं, अक्षरसंख्याही वेगळी: एक दोन अक्षरी नाव, एक चार अक्षरी. गावात निम्मे पाटील असले तरी कादंबरीत आडनाव एकदाच, तेही कागदपत्राच्या निमित्तानं येऊ दे. पहिल्या दहा पानांत तीनपेक्षा जास्त नवी नावं नकोत, आणि प्रत्येक नाव माणूस काही करत असताना यावं, फोटोच्या ओळखीसारखं रांगेत येऊ नये.

माणूस ओळखू येतो तो बोलीवरूनही. सगळ्यांच्या तोंडी सारखंच ‘लई’ आणि ‘नाद खुळा’ घातलं की बोली असूनही माणसं सारखी होतात. फरक बारीक ठेवा. मामा बाजारातला, त्याच्या बोलण्यात आकडे आणि अर्धवट सोडलेली वाक्यं. गुळव्या कामाचे दोन शब्द बोलतो. आपल्याकडच्या बायका ‘मी येतो, मी करतो’ असं सहज बोलतात, आई तशीच बोलेल. नातीला पुण्याला शिकायला पाठवलंय ना, ती सुट्टीला आल्यावर ‘मी येते’ म्हणेल. त्यावर कादंबरीत कुणी काही बोलायची गरज नाही.

शेवटचं, कामाच्या क्रमाबद्दल. निम्मा खर्डा झालेला असताना मागं जाऊन एकोणीस पात्रं खरवडत बसू नका. त्यात महिने जातात आणि पुढचं लिहिण्याची ओढ निघून जाते. आजपासून पुढची प्रकरणं बारा पात्रांतच लिहा, जणू मामा पहिल्यापासून अडत्याच होता आणि धाकटा पैलवानच होता. काय बदललंय त्याची एक यादी वहीत ठेवा, प्रत्येक बदलासमोर मागचं प्रकरण क्रमांकानं लिहा. शेवटपर्यंत पोचल्यावर ती यादी घेऊन पहिल्या पानापासून दुसरा हात फिरवा. काढलेल्या पात्रांची चांगली वाक्यं वेगळ्या फाइलीत ठेवा. हेडमास्तरांचं पुराच्या रात्री शाळेचं दाखलेबुक डोक्यावर घेऊन चालणं छान लिहिलंय. ते चुलवाणावरच्या पोराला देता येईल का बघा, दाखल्याऐवजी आबाची वही देऊन.